एका शब्दाचा उस्ताद

चिनी भाषेत 'एका शब्दाचा गुरू' अशी एक पदवी आहे. कुठलंच विद्यापीठ ती देत नाही. तांग राजवटीच्या शेवटच्या काळात ची-जी नावाच्या बौद्ध भिक्षूने हंगामाआधीच फुललेल्या प्लमच्या झाडावर कविता केली आणि ती झंग गू या नावाजलेल्या कवीला दाखवली. कवितेत रात्रीच्या बर्फात झाडाच्या 'काही' फांद्या फुलल्या होत्या. झंग गू म्हणाला, काही फांद्या फुलल्या, मग झाड लवकर फुललं असं कसं म्हणायचं? 'एक' फांदी कर. भिक्षूने तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला आणि लोक झंग गूला एका शब्दाचा गुरू म्हणायला लागले.

मला या गोष्टीतला हिशेब आवडतो. मूळ शब्द व्याकरणात चुकलेला नव्हता. ओळीची लांबीही दुरुस्तीनंतर तेवढीच राहिली. कवितेचं नाव आणि कवितेतलं दृश्य यांच्यात एक बारीक फट होती, ती फक्त बुजली. भिक्षूला ती दिसली नव्हती, कारण त्याच्या डोळ्यांपुढे झाड होतं. झंग गूपुढे नुसते शब्द होते.

दुसऱ्याच्या ओळीत हात घालून शिकवायची ही रीत आपल्या अगदी शेजारी, उर्दूत, शेकडो वर्षं चालत आली आहे. तिथे तिला इस्लाह म्हणतात. शागिर्दाने गझल लिहायची, उस्तादाने तिच्यावर कलम चालवायचं. वर्ग नाही, पाठ्यपुस्तक नाही. मराठीत ही रीत गझलेबरोबर आली, आणि आज ती मुख्यतः व्हॉट्सॲपवर राहते. गझल लिहिणाऱ्या पोरांचे ग्रुप असतात, कुणीतरी मतला टाकतं, कुणीतरी 'तिसऱ्या शेरात मात्रा बघ' म्हणतं, बाकीचे 'वाह' म्हणतात. अशा दोन ग्रुपांवर मी बरीच वर्षं आहे. तिथे जे चालतं ते इस्लाह आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न पडायचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहिते. (हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे इथे रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.) आमच्याकडे तुम्ही लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. या वाचण्यात काही शेरे मशीनच देतं: इथे जागा सोड, हे नाव नियमात बसत नाही. काही शेरे माणूस देतो: ही अट उलटी पडली आहे, रात्री बारानंतर हे फुटेल. आणि क्वचित एखादा सीनियर लिहितो, 'हे चालेल. पण असं नको.' माझ्या पाच-सहा वर्षांत मला जे काही आलं ते या तिसऱ्या जातीच्या शेऱ्यांतून. बाकी बहुतेक वेळा 'एलजीटीएम' येतं, म्हणजे 'मला ठीक दिसतंय'. मुशायऱ्यातल्या 'क्या बात है'चा तो आमचा अवतार.

आता उर्दूकडे. गालिबची पत्रं उर्दू गद्यातली मोठी गोष्ट मानली जातात. 'ऊद-ए-हिंदी' १८६८ साली आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ साली, अशी ती पुस्तकरूपात आली. त्यातली कितीतरी पत्रं शागिर्दांना लिहिलेली आहेत. मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' हा त्यातला लाडका. रामपूरचे नवाब युसुफ अली खान 'नाझिम' हेही गालिबचे शागिर्द, आणि १८५९ पासून रामपूरहून गालिबला महिन्याला १०० रुपये येत. म्हणजे ही नोकरीही होती. तफ्ताशी मात्र वाद चालतात. हा शब्द असा वापरता येतो का? कुणी वापरला आहे? सनद काय? इस्लाहच्या जगात 'सनद' हे नाणं फार चालतं: जुन्या मोठ्या कवीने तसं लिहिलेलं दाखवा, मग तुमचं खरं.

दाग देहलवीपर्यंत येताना या रीतीला टपालाने पाय फुटले. दाग हैदराबादला सहाव्या निजामाचा उस्ताद होता (आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात), आणि देशभरातून त्याच्याकडे गझला पोस्टाने येत. त्यात पंजाबातल्या एका कॉलेजातल्या मुलाच्या गझला होत्या. दागने काही दिवस त्या तपासल्या आणि मग कळवलं की यात सुधारण्यासारखं फार काही उरत नाही. त्या मुलाचं नाव मुहम्मद इक्बाल. पुढे दोघांनाही या नात्याचा अभिमान होता म्हणतात. सगळ्या इस्लाहमध्ये मला ही सगळ्यात देखणी वाटते: हात काढून घेण्याची.

उलट उदाहरणही जवळच आहे. बहादूरशहा जफरचा उस्ताद जौक. जौकचाच एक शागिर्द, मुहम्मद हुसेन आझाद, याने १८८० च्या 'आब-ए-हयात'मध्ये सरळ दावा केला की बादशहाच्या दिवाणातलं बरंचसं जौकचंच आहे. दावा एकतर्फी असेल, गुरुभक्तीतून आलेला असेल. पण तसा दावा करता आला, लोकांना तो शक्य वाटला, एवढ्यावरूनही या व्यवहाराचा धोका कळतो. किती शब्द बदलले की ओळ दुसऱ्याची होते?

मराठीत सनद नव्हती. माधव जूलियन फारसीचे अभ्यासक, त्यांनी 'गज्जलांजली' १९३३ साली काढली आणि 'छंदोरचना'त वृत्तांचा एवढा मोठा व्याप मांडला की आजही गझल लिहिणारे त्यातली नावं वापरतात. पण गझल म्हणजे नेमकं काय, शेर स्वतंत्र असतो म्हणजे काय, काफिया कुठे मोडतो, हे एखाद्या गावातल्या अठरा वर्षांच्या पोराला कुणी सांगायचं? ते सुरेश भटांनी सांगितलं. 'रंग माझा वेगळा' १९७४ साली आलं, 'एल्गार' १९८३ साली. त्यांचं तिसरं काम म्हणजे 'गझलेची बाराखडी' ही छोटीशी पुस्तिका, जी ते नव्या लिहिणाऱ्यांना पाठवत. आजचे ज्येष्ठ गझलकार भटांविषयी बोलतात तेव्हा ही बाराखडी आणि भटांची पत्रं, दोन्ही हमखास येतात.

बाराखडी वाचताना जाणवतं ते तिचं मास्तरी वळण. मतला, काफिया, रदीफ, अलामत, मक्ता. प्रत्येक गोष्ट एकेक, नियमासारखी. शेराची पहिली ओळ विषय मांडते, दुसरी त्याचा ठोस शेवट करते. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा. अलामतीबद्दल, म्हणजे काफियातल्या त्या न बदलणाऱ्या स्वराबद्दल, तर भट फारच काटेकोर आहेत: मतल्यात 'वाट' आणि 'लाट' आले की पुढे 'आट' सांभाळायचा, तिथे 'पोट' चालणार नाही. यात रुक्षपणा आहे हा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. उर्दूत हे सगळं उस्तादाच्या बैठकीत, घराण्याच्या आत होतं. आत शिरायला ओळख लागायची, दिल्ली-लखनौची जबान लागायची. भटांनी त्यातला जेवढा भाग नियमांत बसतो तेवढा छापला आणि पोस्टाने वाटला. आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ते लिहायला कुणी तयार नसतं. भटांनंतर ही परंपरा चालू राहिली. सांगलीकडच्या दुधगावचे इलाही जमादार (१९४६–२०२१) तर नवोदितांसाठी 'गझल क्लिनिक' या नावाने कार्यशाळा घेत. नावच किती बोलकं आहे. रोगी, डॉक्टर, नाडी.

पण बाराखडी म्हणजे बाराखडीच. ती छापता आली, कारण ती छापण्यासारखी होती. इस्लाहचा उरलेला अर्धा भाग छापता येत नाही, आणि आमच्या ग्रुपांवर नेमका तोच गायब आहे.

हे तपासायला मी एक स्क्रिप्ट लिहिली. ओळ टाकली की लगावली काढून देते. देवनागरी या कामाला सोयीची आहे: अ, इ, उ लघू, आ, ई, ऊ, ए, ओ गुरू, अनुस्वार आला की गुरू, जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू. दोन रविवारांचं काम. भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा, जे मनाच्या श्लोकांमुळे आपल्या कानात बसलेलं आहे, ते ती झटकन ओळखते. अडते कुठे? 'आघात येत असेल तर' इथे. 'तुम्हाला'मध्ये 'तु'वर आघात येत नाही, 'म्ह' हलका आहे. बरं, अशा अक्षरांची यादी करून टाकली. मग आला 'पुण्यात'.

'मी पुण्यात राहते' यातला 'पु' लघू. 'त्याच्या पुण्यात माझाही वाटा' यातला 'पु' गुरू, कारण आता तो शहराचा नाही, पाप-पुण्याचा आहे. लिहायला अक्षरशः एकच. म्हणजे 'पुण्यात' हा शब्द लगाल आहे की गागाल, हे सांगायला तुम्हाला वाक्याचा अर्थ कळावा लागतो. मात्रा मोजणं हे मशीनचं काम आणि अर्थ बघणं माणसाचं, अशी जी सोयीची वाटणी आम्ही ग्रुपवर मनातल्या मनात करतो, ती एका पुणेरी शब्दाने मोडते. हल्ली पोरं गझल चॅटबॉटला दाखवतात. तो मात्रा हमखास चुकवतो आणि कौतुक हमखास करतो, त्यामुळे त्याच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आता एक खरा शेर घेते. माझा एक सहकारी मुळशी धरणाच्या खोऱ्यातला आहे. टाटांचं हे धरण १९२० च्या दशकातलं. त्याच्याविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी केलेला १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येऊन जातो. त्याच्या पणज्याचं गाव त्या पाण्याखाली आहे. त्याने भुजंगप्रयातात लिहिलं होतं:

मला भेटले गाव पाण्यात माझे
दिवे लागले ना कुणाचे कुठेही

स्क्रिप्टने दोन्ही ओळी पास केल्या. ग्रुपवर तीन 'वाह' आले, एक 'तंत्रशुद्ध' आला. (मराठी गझलेच्या जगात 'तंत्रशुद्ध' हे प्रशस्तिपत्र आहे, आणि ते ज्याला मिळतं त्याने थोडं घाबरलं पाहिजे.) मग ग्रुपवरच्या एका ज्येष्ठांनी, ज्यांना सगळे सर म्हणतात, फक्त एवढंच लिहिलं: 'कुणाचे' ऐवजी 'अजूनी'.

दिवे लागले ना अजूनी कुठेही

मी तो मेसेज पाहून गाडी बाजूला घेतली असती, गाडी चालू असती तर. दोन्ही शब्द लगागा. मशीनला या दोन ओळींत काहीही फरक दिसत नाही. पण 'कुणाचे' हा भरीचा शब्द होता. 'कुठेही' म्हटलं की 'कुणाचे' आपोआप येतं, मग ते सांगायची गरज काय? तो शब्द तिथे फक्त वृत्ताचं पोट भरायला बसला होता. आणि 'अजूनी' आल्यावर काय झालं? आधीचा माणूस बुडलेलं गाव बघून दुःखी आहे. आपण म्हणतो, हो, वाईट झालं. आताचा माणूस शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या गावात दिवेलागणीची वाट बघतोय. त्याने ते गाव मेलं आहे हे मान्यच केलेलं नाही. गाव मेलं हे शेरात कुठे लिहिलेलं नाही, आणि तरी आधीपेक्षा ते जास्त मेलेलं आहे.

यात सरांनी कारण दिलं नाही. वरचा परिच्छेद माझा आहे, त्यांचा नाही. इस्लाहवाल्यांची ही जुनी खोड. चीनमध्येही ती दिसते: ज्या दाव हा कवी 'ढकलणे' की 'ठोठावणे' या दोन क्रियापदांत अडकून गाढवावर बसून हातवारे करत चालला होता, तो सरळ अधिकारी हान यूच्या लवाजम्यात घुसला. हान यू स्वतः मोठा लेखक. त्याने चिडायच्या ऐवजी विचार केला आणि सांगितलं, 'ठोठावणे' बरं. बस. रात्रीच्या शांततेत दारावरची थाप ऐकू येते, म्हणून शांतता जास्त जाणवते, वगैरे कारणं पुढच्या हजार वर्षांत इतरांनी शोधली. चिनीत ही दोन क्रियापदं जोडून झालेल्या शब्दाचा अर्थ आजही 'शब्द तोलून-पारखून बघणं' असा होतो.

कारण न देण्यात एक फायदा आहे. शागिर्दाला ते स्वतः शोधावं लागतं, आणि शोधलेलं कारण पुढच्या ओळीला उपयोगी पडतं. तोटाही आहे, आणि तो मला मोठा वाटतो. कारण सांगितलं नाही की दुरुस्ती आणि आवड यांतला फरक दिसत नाही. उस्तादाला 'अजूनी' आवडतो की शेराला 'अजूनी' लागतो? हा प्रश्न विचारायची सोय बैठकीत नसते. सर म्हणाले, म्हणून बरोबर.

मराठीत हा प्रश्न एकदा रस्त्यावर आला होता. गझलेत नाही, कथा-कवितेत. 'मौज'चं 'सत्यकथा' मासिक, संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन. या दोघांनी लेखकांशी केलेला पत्रव्यवहार म्हणजे मराठीतली इस्लाहच होती: कथा परत येई ती सूचनांसह, लेखक ती पुन्हा लिही, ती पुन्हा परत येई. कितीतरी चांगले लेखक या फेऱ्यांतून घडले, त्यांनी तसं कृतज्ञतेने लिहूनही ठेवलं आहे. आणि १९६९ साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी याच 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. राजा ढाले त्यात पुढे होते. रागाची कारणं अनेक, पण त्यातलं एक मला इथे महत्त्वाचं वाटतं: ज्या अभिरुचीने दुरुस्ती होते ती कुणाची? कोणत्या घरात, कोणत्या जातीत, कोणत्या बोलीत वाढलेली? ती स्वतःला 'चांगलं मराठी' म्हणवते तेव्हा बाकीच्यांच्या मराठीचं काय होतं?

दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ घालायची घाई मला नाही. तीनच वर्षांनी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याची एखाद्या उस्तादाने इस्लाह केली असती तर? पहिल्या पानापासून कलम चाललं असतं. त्याऐवजी काय झालं? प्रस्तावना लिहायची होती विजय तेंडुलकरांना, म्हणजे वयाने, नावाने, सगळ्या अर्थांनी ज्येष्ठाला. तेंडुलकर ढसाळांबरोबर ती वस्ती बघायला गेले, आणि कवितेतल्या न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी ढसाळांनाच विचारले. प्रस्तावनेत त्यांनी हे लपवलं नाही. ज्येष्ठाने 'हा शब्द बदल' न म्हणता 'हा शब्द म्हणजे काय' म्हणणं, हीसुद्धा ओळ सुधारायचीच एक पद्धत आहे. फक्त सुधारतो तो वाचणारा.

माझ्या सहकाऱ्याकडे परत येते. त्याने 'अजूनी' दोन दिवस वापरून पाहिला. मग ग्रुपवर लिहिलं, 'सर, अर्थ शंभर टक्के पटला. पण आमच्याकडे अजूनी कोणी म्हणत नाही. अजून म्हणतात.'

ग्रुपवर शांतता. मग नेहमीची समजूत: कवितेत चालतं, सूट आहे, जुन्या कवींनी वापरलं आहे. म्हणजे सनद. पण तो बरोबर होता. 'कुणाचे' हा भरीचा शब्द होता, तशी 'अजूनी'तली 'नी' ही भरीची मात्रा आहे. सरांनी एक भर काढून दुसरी, छोटी आणि जास्त प्रतिष्ठित भर घातली होती. रात्री मी स्क्रिप्टला उलटं काम दिलं: कोणते शब्द भुजंगप्रयातात येऊच शकत नाहीत? हे खरं तर कागदावरही निघतं. लगागा लगागा चालत राहिलं की लघू-गुरू-लघू असा तुकडा कधीच पडत नाही. 'अजून' म्हणजे लगाल. बाद. 'विचार' बाद, 'उशीर' बाद, 'कपाट' बाद. 'गरीब' बाद. त्याचं 'गरिबाला' केलं तर सुरुवातीलाच दोन लघू, तेही बाद. 'श्रीमंत' मात्र गागाल, तो आरामात आत जातो. योगायोग आहे, मला माहीत आहे. तरी ती यादी मी बराच वेळ बघत बसले. वृत्त निवडलं की काही शब्द दाराबाहेर राहतात, आणि बाराखडी हे सांगत नाही, कारण नियम मोडल्याशिवाय ते घडतं. 'तंत्रशुद्ध'च्या शिक्क्याखाली बोलीतले किती शब्द असे गपचूप बाहेर राहिले असतील, आणि त्यांच्या जागी 'अजूनी', 'परंतू', 'जरासा' यांच्यासारखे ठरलेले भाडेकरू किती घरांत शिरले असतील, हे कुणीतरी मराठी गझलेच्या चाळीस-पन्नास वर्षांवर मोजून बघायला हवं.

अठराव्या शतकातल्या 'लाल दालनाचं स्वप्न' या चिनी कादंबरीत शिकवण्याचा एक वेगळाच प्रसंग आहे. श्यांगलिंग ही घरात दासीसारखी वागवली जाणारी मुलगी, तिला कविता शिकायची आहे. ती लिन दाइयूकडे जाते. दाइयू तिला आधी शेकड्यांनी कविता वाचायला लावते, वांग वेई, मग दू फू, मग ली बाय. मग चंद्रावर कविता करायला सांगते. पहिली कविता बेतलेली निघते. दाइयू तिच्यातला एकही शब्द बदलून देत नाही. ती बाजूला ठेव, दुसरी लिही, बिचकू नकोस. दुसरीही फसते. तिसरी कविता श्यांगलिंगला झोपेत सुचते. एका शब्दाच्या गुरूपेक्षा हे कष्टाचं आहे, आणि शिकवणाऱ्याला यात कसलंही श्रेय मिळत नाही. 'अमुकचा शब्द तमुकने बदलला' अशी गोष्ट यातून तयार होत नाही.

आमच्या ग्रुपवर हे दोन्ही नव्हतं. नियम होते, 'वाह' होती, आणि कधीतरी सरांचा एखादा अचूक शब्द. त्या मुलाने सरांना नकार दिला तो उद्धटपणा आहे असं दोघा-तिघांनी मला खासगीत कळवलं. मला तर तो ग्रुपवर घडलेला पहिला खरा इस्लाह वाटला, कारण पहिल्यांदाच कुणीतरी कारण मांडलं, आणि ते कारण मात्रांचं नव्हतं, त्याच्या आजीच्या बोलण्याचं होतं. त्याला सरांची दृष्टी हवी होती आणि सरांचा शब्द नको होता. हे दोन वेगळे करता येतात हे कळायला सरांची दुरुस्तीच कामाला आली, हेही तितकंच खरं.

'अजून' ठेवायचा तर भुजंगप्रयात सोडणं भाग होतं. तेरा दिवसांनी त्याने वृत्त बदलून शेर टाकला. लगालगा दोनदा, संपलं. 'मला' गेला, 'माझे' गेला, 'लागले' गेलं, 'पाण्यात' गेलं:

तळात गाव भेटले
अजून ना कुठे दिवे

सरांनी या वेळी काही सुचवलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा मेसेज आला: 'गावाचं नाव काय होतं?'